दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा

आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज नावाचं पाच हजार वर्षांपूर्वीचं एक थडगं आहे. त्याच्या आत उभा असताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. समोर जमिनीवर जो उजेड पडला होता तो सूर्याचा नव्हता, विजेच्या दिव्याचा होता. हे आधीच सांगतो, कारण या लेखात मला जो प्रश्न सोडवायचा आहे तो तिथून सुरू झाला.

ऑक्टोबरातली ओली दुपार होती. नोकरीनिमित्त डब्लिनला येऊन मला तिसरं वर्ष लागलं होतं. सुट्टीच्या दिवशी जवळपासचं काहीतरी बघून यावं एवढाच विचार होता. न्यूग्रेंज तिथून गाडीने तासाभराच्या अंतरावर, बॉइन नदीच्या वळणावर आहे. बाहेरून एक मोठी, गवताने झाकलेली टेकडी आणि पुढे पांढऱ्या गारगोटीच्या दगडांची भिंत. आत जायला एकोणीस मीटर लांबीची अरुंद वाट आहे. अंग चोरून, कुठे वाकून चालावं लागतं. शेवटी एक छोटी खोली. वरचे दगड एकमेकांवर थोडे थोडे पुढे सरकवत घुमटासारखं छत केलेलं आहे, आणि पाच हजार पावसाळ्यांत ते गळलेलं नाही. आमच्या गावच्या शाळेचं छत दर दोन वर्षांनी गळायचं, हे मला तिथे हटकून आठवलं.

हे बांधकाम इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहून जुनं. तोवर ब्रिटन-आयर्लंडमध्ये धातू आलेला नव्हता. मायकेल ओ'केली नावाचे पुरातत्त्वज्ञ १९६२ पासून तिथे उत्खनन करत होते. दाराच्या वर त्यांना दगडांची एक विचित्र खिडकी सापडली. तिचा उपयोग कळेना. आसपासच्या गावांतून मात्र अशी बोलवा होती की वर्षातून एकदा सूर्य या थडग्याच्या आत येतो. १९६७ च्या २१ डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत छोट्या दिवसांपैकी एका पहाटे, ओ'केली एकटेच आत जाऊन बसले. सूर्य उगवल्यावर काही मिनिटांनी त्या खिडकीतून उजेडाची एक बारीक पट्टी आत शिरली, वाट ओलांडून मागच्या खोलीपर्यंत आली, रुंदावली, आणि साधारण सतरा मिनिटांनी गेली. वाट आतल्या बाजूला चढत जाते, त्यामुळे दारातून आलेला उजेड खोलीपर्यंत पोचू शकत नाही. म्हणून ती वरची खिडकी. योगायोग म्हणायला इथे जागाच नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं क्षितिजाकडे बघत बसलं होतं, आणि मग दोन लाख टन दगडमातीचं गणित त्या एका सकाळीसाठी जुळवलं होतं.

इतर दिवशी येणाऱ्यांसाठी वाटाड्या आतले दिवे मालवतो आणि एका विजेच्या दिव्याने तो प्रसंग करून दाखवतो. आधी मिट्ट काळोख. आपलाच हात दिसत नाही. मग जमिनीवर पिवळी रेघ. मला माहीत होतं की हे बटण दाबून केलेलं आहे. सोबतच्या वीस माणसांनाही माहीत होतं. तरीही कुणी बोलेना. आणि मला आई आठवली.

*

बाबा गेले त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ते हायस्कुलात विज्ञान शिकवत. घरात देवघर होतं, पण ते आईचं. बाबांनी देहदानाचा अर्ज वीस वर्षं आधी भरून ठेवला होता आणि त्याची झेरॉक्स कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. "मी गेल्यावर माझ्या नावानं कावळ्याला हाका मारत बसू नका," असं ते पाहुण्यांसमोरही सांगायचे. आम्ही तसंच केलं. चार-पाच तासांत गाडी आली आणि बाबांना वैद्यकीय महाविद्यालयात घेऊन गेली. अस्थी नाहीत, म्हणून तिसरा दिवस नाही. दहावा नाही, तेरावा नाही. मला अभिमान वाटत होता. बोलल्याप्रमाणे वागलेला माणूस, आणि त्याच्या शब्दाला जागलेलं घर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाहेरून आलो तर बाबांच्या खुर्चीजवळच्या कोपऱ्यात आईने ताटलीत कणीक पसरून तिच्यावर एक छोटा दिवा ठेवला होता. वात दक्षिणेकडे. आपल्याकडे एरवी दिव्याचं तोंड कुणी दक्षिणेला करत नाही, ते फक्त गेलेल्या माणसासाठी. मी म्हणालो, "आई, हे काय? बाबांना चाललं असतं का हे?"

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने दिवा मालवला आणि ताटली आत नेली. रात्री झोपताना एवढंच म्हणाली, "मग आता संध्याकाळी काय करायचं असतं रे?" मी त्यावर काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा दिलंच नसावं.

मग दीड वर्षाने मी सातासमुद्रापार कुणा परक्यांच्या थडग्यात, कंपनीने बसवलेल्या दिव्याकडे बघून डोळे पुसत होतो. एक तर आईचा दिवा मालवायला लावणं चूक होतं, नाहीतर हे रडणं खोटं होतं. दोन्ही बरोबर असू शकत नव्हतं.

*

माझ्यासारखा माणूस अशा वेळी वाचायला बसतो. मीही बसलो, आणि कबूल करतो की पहिल्यांदा मला पळवाटच हवी होती. हिवाळ्यातल्या अयनदिनाचे 'प्राचीन पेगन सण' म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं नंतर रचलेलं आहे, असं सिद्ध झालं की आपण सुटलो, असा हिशेब होता.

आणि त्यातलं बरंचसं रचलेलं आहेच. 'पेगन' हा शब्दच त्या लोकांचा नव्हे. लॅटिनमधल्या 'पागानुस'चा मूळ अर्थ खेडवळ. शहरातले लोक ख्रिस्ती झाल्यावर जे उरले त्यांना हे नाव पडलं, म्हणजे आपण 'गावंढळ' म्हणावं तसं. (आपल्याकडे 'पाषंड' या शब्दाचंही असंच झालं. अशोकाच्या शिलालेखांत त्याचा अर्थ नुसता 'पंथ' असा आहे. पुढे त्याची शिवी झाली.) आजचे नवपेगन लोक वर्षाचे आठ सण पाळतात आणि त्या चक्रातला हिवाळी सण म्हणजे 'यूल'. हे आठ आऱ्यांचं चक्र या स्वरूपात विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जुळवलं गेलं. सजवलेल्या ख्रिसमसच्या झाडाचे खात्रीचे उल्लेख सोळाव्या शतकाच्या मागे फारसे जात नाहीत. स्टोनहेंजला पांढरे झगे घालून जमणारे ड्रुइड ज्यांचं नाव सांगतात ते ड्रुइड त्या दगडांनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी झाले.

पण सगळंच रचलेलं नाही. बीड या इंग्लिश मठवासीने ७२५ साली लिहिलं आहे की आपले पूर्वज २५ डिसेंबरच्या रात्रीला 'मातांची रात्र' म्हणत. नॉर्वेचा राजा हाकोन याने दहाव्या शतकात जुना यूल ख्रिसमसच्या तारखेला आणून बसवला, असं आइसलँडच्या स्नोरीने तेराव्या शतकात नोंदवलंय. रोममध्ये १७ डिसेंबरपासून सॅटर्नेलिया चाले. आणि स्टोनहेंजजवळच्या वस्तीत डुकरांचे जे दात सापडले त्यांवरून दिसतं की बरीच जनावरं साधारण नऊ महिन्यांची असताना कापली गेली. वसंतात जन्मलेलं पिल्लू नऊ महिन्यांचं होतं ते ऐन हिवाळ्यात. म्हणजे जेवणावळी उठत होत्या, एवढं नक्की.

यातून माझी पळवाट मात्र निघेना. कारण एखादा विधी जुना नाही किंवा त्याचं कारण चुकीचं आहे, एवढ्याने तो पोकळ ठरतो का? तसं असेल तर आपली संक्रांत आधी मोडीत काढावी लागेल. संक्रांतीला सूर्य उत्तरेकडे वळतो असं आपण शाळेत शिकलो. तो वळतो २१-२२ डिसेंबरला. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा संथपणे डोलतो, त्यामुळे दर बहात्तरेक वर्षांनी एक दिवस असा फरक साठत गेला आणि मकरसंक्रांत उत्तरायणापासून तीनेक आठवडे दूर गेली. दोन्ही एकत्र होते त्याला सतराशे वर्षं झाली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आणि नंतर पंचांगशोधनाच्या वादात अनेकांनी हे सांगून झालंय. १९५७ पासूनच्या आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत तर पौषाची सुरुवातच २२ डिसेंबरला होते. ती आपण बघत नाही हा भाग वेगळा. पण म्हणून १४ जानेवारीचा तिळगूळ खोटा झाला नाही. ज्या शेजाऱ्याशी वर्षभर बोलणं नव्हतं त्याच्या हातावर तो ठेवताना सूर्य नक्की कुठे आहे याने काही फरक पडत नाही.

*

मग मी दुसऱ्या पळवाटेकडे वळलो. ती जास्त सभ्य आहे. विधी म्हणजे अज्ञानाच्या काळातलं विज्ञान. त्या बिचाऱ्यांना वाटायचं, सूर्य असाच खाली खाली जात राहिला तर बुडेल. म्हणून ते आगी पेटवायचे, त्याला परत बोलवायचे. आपल्याला आता कळलंय की पृथ्वीचा अक्ष कललेला आहे, तेव्हा आपल्याला त्याची गरज नाही. जेम्स फ्रेझर याने १८९० मध्ये 'द गोल्डन बाऊ' लिहिलं त्याचा रोख साधारण असा होता, आणि बाबांचं मतही जवळपास हेच होतं.

विटगेनस्टाइनने फ्रेझर वाचताना काही टिपणं केली होती. त्यांतला एक मुद्दा मला सोडेना. तो म्हणतो, पाऊस पाडणाऱ्या राजाकडे लोक जातात ते पावसाळा तोंडावर आल्यावर. राजा खरोखरच पाऊस पाडतो असं त्यांना वाटत असतं तर ते कोरड्या दिवसांत गेले असते. सूर्योदयाचे विधी पहाटे होतात. मध्यरात्री कुणी ते करत नाही. मध्यरात्री माणूस सरळ दिवा लावतो.

न्यूग्रेंजला हे लावून बघा. ज्या लोकांनी ती खिडकी केली त्यांना सूर्य परत येईल की नाही याची धास्ती होती? उलट, त्याच्या परत येण्यावर त्यांचा इतका भरवसा होता की त्यांनी तो दगडात बसवून ठेवला. शंका असलेला माणूस असं बांधकाम करत नाही. आपल्या भीष्मांचंही तेच. शरपंजरी पडून ते उत्तरायणाची वाट बघतात. सूर्य वळावा म्हणून ते काही करत नाहीत. तो वळणार हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून तर ते वाट बघू शकतात.

मग सूर्य आपला आपण परतणार हे माहीत असताना माणसं त्या पहाटे जमली कशाला? मला वाटतं याचं उत्तर ते थडगं आहे यातच आहे. उत्खननात आतल्या खोलीत निदान पाच माणसांचे अवशेष मिळाले, काही जळलेले, काही न जळलेले. सूर्य परत येतो. ही माणसं येत नाहीत. या दोन गोष्टी वर्षातून एकदा एका खोलीत आणून ठेवायच्या, बस्स. त्यातून काही मिळवायचं नाही, काही बदलायचं नाही. जे बदलणार नाही त्याच्यापुढे हात हलवायला काहीतरी हवं असतं. 'मग आता संध्याकाळी काय करायचं असतं?' हा प्रश्न अज्ञानातून आलेला नाही. आईला विज्ञान कमी कळतं म्हणून तिने दिवा लावला नव्हता. बाबा कुठे गेलेत हे तिला माझ्याइतकंच पक्कं माहीत होतं. गाडीत त्यांच्या पायापाशी तीच बसली होती.

*

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण बाबांचं म्हणणं इतक्या स्वस्तात सोडून देता येत नाही.

विधीला आतली बाजू असते तशी बाहेरची असते. न्यूग्रेंजच्या खोलीत जेमतेम काही माणसं मावतात. बांधायला शेकडो हात लागले असणार, सूर्य बघायला आत कोण गेलं असेल? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्या खोलीतला एक पुरुष अगदी सख्ख्या नात्यातून, म्हणजे भावंडांच्या किंवा पालक-अपत्याच्या संबंधातून जन्मलेला निघाला. असे संबंध जिथे चालत ती बहुधा स्वतःला देव समजणारी राजघराणी, असं त्या संशोधकांनी अनुमान काढलं. सर्वांना ते मान्य नाही. पण उजेडाची जागा मोजकी होती आणि दगड ओढणारे पुष्कळ होते, एवढं कळायला जनुकं लागत नाहीत.

सॅटर्नेलियाचंही तसंच. त्या दिवसांत रोममध्ये मालक गुलामांना आपल्या पंगतीला घेत, कुठे कुठे वाढतही. जुगाराला मुभा, थट्टेला मुभा. मेणबत्त्या आणि मातीच्या छोट्या बाहुल्या भेट द्यायच्या. वाचताना बरं वाटतं. मग आपला बैलपोळा आठवतो. त्या दिवशी शिंगांना बेगड, अंगावर झूल, पुरणपोळीचा घास. दुसऱ्या दिवशी मानेवर जू. एक दिवसाची उलटापालट ही बाकीच्या दिवसांची व्यवस्था टिकवण्यासाठी असते की काय, असा संशय येतोच.

आणि संक्रांत. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आमच्या गल्लीत दर घरी हळदीकुंकू होतं. आईला बोलावणं नव्हतं. ज्या बायकांबरोबर तिने तीस वर्षं सुगडं पूजली, वाण लुटलं, त्यांनी काही वाईट मनाने असं केलं नाही. रीत तशी होती. 'विधी माणसांना जोडतात' हे वाक्य ज्यांना बोलावणं येतं त्यांनीच लिहिलेलं असतं. तीस वर्षं बाबा जेवताना वैतागून जे बोलायचे ते याबद्दल होतं, आणि ते खरं होतं. ते असते तर त्यांनी आईला आपण होऊन कुंकू लावून घ्यायला सांगितलं असतं. पण ते असते तर प्रश्नच आला नसता.

तेव्हा मला विधींची बाजू घ्यायची नाही. मला एवढंच म्हणायचंय की मी विधीला चुकीचा प्रश्न विचारत होतो. 'हे खरं आहे का?' असा माझा प्रश्न होता. सूर्य खरंच वळला का, पितर खरंच येतात का, सण खरंच जुना आहे का. विधान खरं किंवा खोटं असतं. दिवा काही विधान करत नाही. त्याला विचारायचा प्रश्न दुसरा आहे: हा कोण कुणासाठी करतंय, आणि त्यासाठी कुणाला बाहेर उभं केलंय? या प्रश्नापुढे हळदीकुंकू नापास होतं. सॅटर्नेलिया काठावर. ताटलीतल्या कणकेवरचा दिवा मात्र कुणालाच बाहेर काढत नव्हता. त्याने कुणाचं काही हिरावलं नाही, कुणाला फसवलं नाही.

राहिला बाबांच्या शब्दाचा मुद्दा. मी दिवा मालवायला सांगितला तो त्यांचं नाव पुढे करून. पण बाबांचा शब्द त्यांच्या देहाबद्दल होता, आणि तो आम्ही पाळला. आईच्या संध्याकाळी त्यांनी कुणाच्या नावावर केल्या नव्हत्या. गेलेल्या माणसाचा शब्द पाळणं निराळं आणि त्याच्या शब्दाची छडी करणं निराळं. दुसरी गोष्ट मी केली. ज्यांनी आयुष्यभर 'शास्त्रात असं सांगितलंय' या वाक्याचा राग केला, त्यांचंच मी शास्त्र करून टाकलं.

*

त्या वर्षी २१ डिसेंबरला मी पुन्हा न्यूग्रेंजला गेलो. त्या पहाटे आत जाण्यासाठी सोडत काढतात, हजारोंनी अर्ज येतात. माझं नाव लागलेलं नव्हतं. पण बाहेर कुणीही उभं राहू शकतं. अंधारातच शे-दोनशे लोक जमले होते. झगेवाले होते, ढोलवाले होते, शाळेची पोरं होती, नुसतेच माझ्यासारखे होते. एका म्हाताऱ्या बाईने थर्मासच्या झाकणातून चहा दिला. नऊ वाजत आले आणि आभाळ गच्च भरलेलं. सूर्य दिसला नाही. क्षितिज नुसतं थोडं पांढुरकं झालं. आत ज्यांचा नंबर लागला होता त्यांनाही काही दिसलं नसणार. तरी कुणी हळहळलं नाही. ढोल वाजला, लोकांनी एकमेकांचे हात हातात घेतले आणि पांगले.

मी आईला फोन केला. मिरजेत दुपारचे अडीच वाजले होते. ती आडवी झाली होती.

"आज सर्वांत छोटा दिवस आहे," मी म्हणालो. "उद्यापासून मोठा व्हायला लागणार."

"हो का? हे सांगायचे दरवर्षी. वर्गात पृथ्वीगोल घेऊन जायचे त्या दिवशी." मग जरा थांबून, "झोपमोड करून हेच सांगायचं होतं होय?"

मी म्हणालो, "आई, तेव्हा तो दिवा... मी उगाच बोललो."

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. लाइन तुटली असं वाटलं.

"तू गेल्यावर लावला की मी," ती म्हणाली. "पाटावर, आत स्वयंपाकघरात. तेरा दिवस. म्हटलं, तुझंही राहू दे, ह्यांचंही राहू दे."

"मग माझ्यासमोर का नाही लावलास?"

"तुला त्रास झाला असता," आई म्हणाली. "तुझं पण कुणीतरी गेलं होतं की."